चार्जिंगच्या भोकातला कापूस

"हालवली कोनं, ते सांगा आधी. वाऱ्यानं हालत नाई पिन."

"अवं, म्हशीचं दावं होय काय ते, कोनी सोडन अन् घेऊन जाईन?" उकंडा उंबऱ्यावरूनच बोलला. "पोरीचा झाडू लागला असन."

"मायं नाव नोका घेऊ बाबा," दीपमालानं चुलीपुढून मान वर केली. "त्या कोपऱ्यात झाडू नेलाच नाई आज मीनं. तुमीच बसलते तिथं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत."

"मी बसलो त भिंत हालते काय?"

"भिंत नाई हालत, काडी हालते!" पंचफुलानं फोन दोघांच्याही तोंडापुढे धरला. "दुपारी बारापासून लावून ठेवलाय. आता सहा वाजले. चार टक्के! सोळा बाया वाट पाहून राह्यल्या माया आवाजाची. उद्या कोनाच्या वावरात, किती वाजता, जीप कुठी थांबन. अन् इथं तुमी झाडू का खर्रा, याचा निवाडा करून राह्यले."

"मंग म्हशीपाशी जाऊन निवाडा करू काय?" उकंडा म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला. पंचफुलाच्या नवऱ्याला बायको चिडली की विनोद सुचत. बाकी दिवसभर तो गप्प असे.

पंचफुला मनवरच्या घरात फोन चार्ज करणं हे एक कसबाचं काम होऊन बसलं होतं. भिंतीतल्या देवळीत फोन एका कुशीवर निजवायचा. पिन भोकात घालून जरा वर उचलायची, तिच्याखाली आगपेटीची अर्धी काडी सरकवायची आणि वरून तराजूचं अर्ध्या किलोचं माप टेकवायचं. मग पडद्यावर विजेची खूण उमटायची. ती उमटली की घरातल्या माणसांनी त्या भिंतीपासून हातभर लांबून चालायचं. तरीही पिन कधी डावीकडे झुके, कधी माप घसरे, आणि खूण विझलेली कोणाच्या ध्यानातही येत नसे. काडीनं जमलं नाही की पंचफुला स्वतः भिंतीशी बसून पिन बोटानं दाबून धरी. ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवून बसावं, तशी तास तास.

अश्वजितनं, तिच्या मोठ्या मुलानं, तिला त्यासाठी आर्णीहून एक लाकडी स्टूल आणून दिलं होतं. "आई, उकिडवी बसून गुडघे दुखतीन तुये," म्हणाला होता. त्या स्टुलाचं कौतुक पंचफुलानं निम्म्या गावाला सांगितलं होतं.

या वेळीही अश्वजितच मदतीला आला. मोटारसायकल अंगणात लावून आत येता येताच त्याला भांडणाचा अंदाज आला असावा.

"कायले जीव खाते आई? दे, मी टाकतो मेसेज. ग्रुपवर मीही हावोच ना."

"आवाजाचा टाकजो. बायायले वाचता येत नाई."

"हो हो," तो म्हणाला आणि स्वतःच्या फोनवर अंगठे चालवत पुन्हा अंगणात गेला.

पंचफुला स्टुलावर बसली. पिन धरून.

ती या गावात सून होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची होती. माहेर दारव्ह्याकडचं, तिथंही कापूसच. लग्नाच्या आठव्या दिवशी ती वेचायला गेली. तेव्हा गावातल्या वेचणाऱ्या बायांचा मुकादम बळीराम नावाचा माणूस होता. शेतकऱ्याशी बोलणं त्याचं, बाया गोळा करणं त्याचं आणि संध्याकाळी वजन करणंही त्याचंच. काटा धरताना त्याचा अंगठा हळूच पारड्याला लागे आणि वजन कमी भरे. सगळ्या बायांना ते दिसे, कोणी बोलत नसे. पंचफुला पंधरा वर्षं बोलली नाही. मग एका संध्याकाळी तिनं बळीरामच्या हातातून काटा काढून घेतला आणि म्हणाली, "भाऊ, तुमचा हात दुखत असन. मी धरतो." बाया हसल्या. बळीरामही हसला, कारण दुसरं काय करणार. दुसऱ्या दिवशीपासून काटा तिच्याकडे आला आणि दोन वर्षांत टोळीही.

तिच्या टोळीचे काही नेम होते. कोणी काही कागदावर लिहिलेले नव्हते, पण ते मोडायची कोणाची छाती नव्हती. एका बाईनं दोनच तास धरायचे, म्हणजे कपाशीच्या दोनच ओळी. चांगली बोंडं दिसली म्हणून दुसरीच्या तासात हात घालायचा नाही. पोटुशी बाई असली तर तिला धुऱ्याकडचे, म्हणजे बांधालगतचे तास, सावलीचे. कापसात पालापाचोळा आला तर पंचफुला तो सगळ्यांसमोर निवडायला लावी. म्हणून शेतकरी तिलाच विचारत. "पंचफुलाबाईच्या बाया" म्हटलं की कापूस स्वच्छ आणि जीप वेळेवर, असं आजूबाजूच्या पाच गावांत धरून चालत.

फोन तिच्याकडे आला तो कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षी. अश्वजितनं नवा घेतला आणि जुना आईला दिला. तिला आकडे येत, अक्षरं जेमतेम. दीपमालानं मग एक युक्ती केली. प्रत्येक नावापुढे चित्र लावून दिलं. नंदाबाईला तिची शेळी, नागोराव पाटलांना त्यांची विहीर, जीपवाल्या रवीला त्याची जीप. रोज संध्याकाळी साडेसहाला पंचफुला बटण दाबून बोले, "ऐका वं बायांनो, उद्या..." आणि सोळा घरांत, भाकरी थापता थापता, तिचा आवाज ऐकला जाई. एखादीची सासू त्यावरच घड्याळ लावी म्हणतात.

वेचताना बायका कमरेला फडकं बांधून पुढे ओटी करतात आणि वेचलेला कापूस त्या ओटीत टाकत जातात. पंचफुलाचा फोन त्याच ओटीत असे. दुसरीकडे ठेवणार कुठे? पोलक्यात ठेवला तर घामानं भिजे आणि धुऱ्यावर ठेवला तर माकडं.

त्या सोन्याच्या भावानंतर मात्र कापसाचे दिवस फिरले. पुढच्या वर्षी लोकांनी भाव येईल येईल म्हणून घराघरांत छतापर्यंत कापूस भरून ठेवला. त्यातले किडे अंगाला चावू लागले, मुलांच्या पाठी खाजून लाल झाल्या, पण भाव काही आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी बोंडअळी आली, आणि फुटायच्या वेळी पाऊस. चार-चार वेचण्या व्हायच्या तिथं दोन होऊ लागल्या. दुसऱ्या वेचणीनंतर शेतकरी सरळ कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून हरभरा पेरत. काम निम्मं झालं आणि टोळ्या मात्र तेवढ्याच राहिल्या. अशा दिवसांत ज्याचा फोन लागला, त्याला काम. शेतकरी दुसऱ्यांदा लावून पाहत नाही.

आणि नेमका त्याच हंगामात, दिवाळीच्या आधी, पंचफुलाचा फोन चार्ज होईना.

अश्वजित तो आर्णीला घेऊन गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा तोंड उतरलेलं. "भोकच झिजलं आई. आतल्या पट्ट्या गेल्या. दुकानवाला म्हणे आतला बोर्डच बदलावा लागन, त्यापेक्षा नवा फोन परवडते. तू ओटीत ठेवतं ना. घासून घासून झालं." मग त्यानंच धीरही दिला. "काई टेन्शन घेऊ नोको. तुया फोन बंद राह्यला का तुये कॉल माया फोनवर येतीन, असं करून ठेवलं मीनं. मी सांगत जाईन तुले."

पंचफुलाला आपलीच चूक मनाला लागली. इतकी वर्षं वस्तू वापरल्या; खलबत्ता सासूच्या सासूचा होता, विळा अठरा वर्षं एकच. आणि हा फोन आपल्या हातून तीन वर्षांत गेला. नव्या फोनचा विषय तिनं काढला नाही. पिन धरून बसायला लागली.

दोन महिने झाले. तिच्याकडे येणारं काम उतरत गेलं. आधी आठवड्यात सहा दिवस, मग चार, मग दोन. अश्वजित रोज सांगे, "आज कोनाचाच फोन नाई आला आई. माल कुठी हाय लोकांपाशी?" तेही खरंच वाटे. पण मग नंदाबाईला नदीवर कळलं की अमक्याच्या वावरात वेचणी झाली, तमक्याच्या झाली. पलीकडच्या पोडावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, कोलाम बाया रवीच्या जीपमधून आल्या होत्या. नंदाबाई टोळीतली सगळ्यात जुनी, पंचफुलाच्या बरोबरीची, आणि तोंडानं फटकळ.

"तुया फोन बंद, आमची चूल बंद," ती अंगणात उभी राहून म्हणाली होती. "आधी तोंडी सांगाव्याची पद्धत होती ते बरं होतं. तोंडाले काई चार्जिंग लागत नाई."

पंचफुला आत जाऊन पुन्हा पिन धरून बसली होती. चूक आपली.

पिनेवरून भांडण झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शाळेपाशी जीप उभी राहिली, आणि सोळांपैकी सात बाया आल्या. अश्वजितनं मेसेज टाकला होता, पण लिहून. 'उद्या स. ७ वा. शाळेजवळ. नागोराव पाटील.' ज्यांच्या घरी शाळेत जाणारं मूल होतं त्यांनी वाचून घेतला. बाकीच्यांनी आवाज येईल म्हणून वाट पाहिली आणि आला नाही म्हणून शेण्या थापायला घेतल्या.

सात बायांनी नागोरावांचं चार एकर काही उरकलं नाही. नागोराव धुऱ्यावर उभे होते. भले गृहस्थ, आवाज चढवणारे नव्हेत. "पंचफुलाबाई," ते म्हणाले, "तुमाले होत नसन त तसं सांगा. मी तुमच्या पोराशी बोलत जाईन. त्याचा फोन लागते तरी."

हे वाक्य तिनं घरी येईपर्यंत ओटीतल्या कापसासारखं पोटाशी धरून आणलं. चुलीपाशी बसून भाकरी मोडली आणि न खाता ठेवून दिली. काटा हातात घेतल्यापासून इतक्या वर्षांत तिला कोणी 'होत नसन त' म्हटलं नव्हतं. टोळी गेली तर तिच्यापाशी राहणार काय? उकंडाचे विनोद.

दुसऱ्या दिवशी आर्णीचा बाजार होता. तिनं कोणाला काही न सांगता पिशवी घेतली, फोन पदरात बांधला आणि जीपमध्ये बसली. बोर्ड तर बोर्ड, काय लागेल ते विचारून तरी येऊ, एवढंच तिच्या मनात होतं.

बसस्थानकासमोर देवीलाल राठोडचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक काचेचा गल्ला, एक पंखा आणि मागे टांगलेली शंभर कव्हरं. देवीलाल चाळिशीचा, नाकावर चष्मा खाली ओढून काम करणारा. त्यानं फोन उलटा केला, भोकात बारीक उजेड पाडला आणि पाहिलं.

"वेचाले जाता काय मावशी?"

"हो. कसं वळखलं?"

त्यानं दाभणाहून बारीक अशी एक सुई घेतली, भोकात घातली, अलगद फिरवली. पहिल्यांदा धुळीचा कण आला. दुसऱ्यांदा काही आलं नाही. तिसऱ्यांदा त्यानं श्वास रोखून सुई वर उचलली, आणि तिच्या टोकाला एक गुंडी लागून आली. गव्हाच्या दाण्याएवढी, करडी, घट्ट. जिनिंगमध्ये गाठी दाबतात तसा दाबून दाबून बसलेला कापूस. देवीलालनं ती गुंडी काचेवर ठेवली. मग त्यानं पिन लावली. ती 'टक्' करून आत बसली. काडी नाही, माप नाही, बोट नाही. विजेची खूण उमटली आणि हललीच नाही.

पंचफुलानं पिन बोटानं हलवून पाहिली.

"एवढंच?"

"एवढंच. दर वेळी पिन लावली का कापूस अजून आत ढकलला जाये. म्हणून पिन पुरी बसत नवती."

"अन् झिजलं ते? पट्ट्या गेल्या ते?"

"किनार जराशी घासली हाय. एवढं त घासतेच, वापरल्यावर. दोन वर्षं याले काई होत नाई." देवीलालनं चष्मा वर केला. "मी हे तुमच्या पोराले सांगतलं होतं ना. दिवाळीच्या आधी आणलता त्यानं. मी म्हटलं, कचरा हाय, बस, आत्ता काढून देतो. त म्हणे, राहू द्या, घाई हाय."

"माया पोरगा नसन तो."

"उंच, दाढीवाला, गळ्यात निळा गमछा. अश्वजित नाव सांगतलं. माया भाच्याच्या कॉलेजात होता."

पंचफुलानं काचेवरची गुंडी बोटानं जरा सरकवली. बाजाराचा सगळा कालवा पाठीमागे चालू होता आणि तिला एका मिरचीवाल्याची हाकच तेवढी ऐकू येत होती, पुन्हा पुन्हा तीच.

देवीलालला काही अंदाज आला की नाही कोण जाणे. तो आपल्या कामात होता. "थांबा, लावून पाहतो," म्हणाला, तिचा नंबर विचारला आणि स्वतःच्या फोनवरून लावला. तिचा फोन काचेवर होता, चालू होता, चार्ज होत होता. तो वाजला नाही. देवीलालच्या फोनात मात्र घंटी जात होती. त्यानं भुवया उंचावल्या आणि स्पीकर लावला.

"हां, बोला. अश्वजित मुकादम बोलून राह्यलो."

देवीलालनं पंचफुलाकडे पाहिलं. तो फोन ठेवायला गेला, तर तिनं त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि ओठांवर बोट. मग हळू आवाजात म्हणाली, "पंचफुलाबाईले इचार."

"पंचफुलाबाईचा नंबर ना हा?" देवीलाल म्हणाला. आवाज त्याचा उगाच जाड झाला होता.

"हो, आमची आई होय ते. तिनं सोडलं आता काम. वय झालं, होत नाई तिच्यानं. सगळं मीच पायतो. किती बाया पाह्यजे? वीस देतो उद्याले. पोडावरच्या हायत, भाव करत नाईत, कटकट नाई."

"कळवतो," देवीलाल म्हणाला आणि फोन ठेवला.

पंचफुला सत्तेचाळीस वर्षांची होती. अजून दिवसाला चाळीस किलो वेचत होती.

"मावशी," देवीलाल तिचा फोन उचलून आत काहीतरी पाहून म्हणाला, "तुमचे सगळेच फोन त्याच्याकडे वळवून ठेवले हायत. चालू असला तरी."

"बंद असला का जातीन, असं सांगतलं होतं त्यानं."

"तसंही करता येते. त्यानं तसं नाई केलं."

"काढून टाक."

त्यानं काही आकडे दाबले. झालं म्हणाला. पैसे घेईना. "एवढ्याचे काय घ्याचे," म्हणाला आणि तिच्याकडे न पाहता पंख्याचं बटण उगाच कमी-जास्त करत राहिला.

परतीच्या जीपमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. अर्ध्या वाटेत फोन वाजला आणि ती दचकली. दोन महिन्यांत त्याचा आवाज ती विसरली होती. पडद्यावर विहीर होती.

"कोण, पंचफुलाबाई?" नागोराव चकित झाले. "मी पोराशी बोलाले लावला होता, या नंबरावर तोच उचलते. तुमीच उचलला? तो त काल रात्री म्हणे, आईनं काम सोडलं."

"नाई सोडलं."

"मंग उरलेलं वावर..."

"उद्या. सोळा बाया. सातले निंगतो."

मग तिनं ग्रुप उघडला. जीपमध्ये बारा माणसं कोंबलेली होती, सगळ्यांच्या कानांदेखत बटण दाबून ती बोलली, "ऐका वं बायांनो. उद्या नागोराव पाटलाचं उरलेलं वावर. सात वाजता शाळेपाशी. कोनी मागं राहायचं नाई." जरा वेळानं शेळीचं चित्र हललं. नंदाबाईचा आवाज आला, "आता आठवलो काय आमी? येतो. पण जीप रवीची असन त मी नाई बसत." जीपमधले दोघे-तिघे हसले. पंचफुला हसली नाही.

घरी पोचली तेव्हा दिवेलागण होत होती. अश्वजित ओट्यावर बसला होता, फोन हातात, आणि अस्वस्थ. दुपारपासून त्याच्या फोनवर तिचे कॉल यायचे थांबले होते. त्याला ते कळलंच असणार. दीपमाला तांदूळ निवडत होती. उकंडा खाटेवर.

पंचफुलानं पिशवी ठेवली, फोन देवळीत ठेवला, पिन लावली आणि हात मागे घेतला. खूण उमटून राहिली. घरातल्या तिघांनीही ती पाहिली. आणि तिघांपैकी एकालाही नवल वाटलं नाही. तिला जे कळायचं ते तिथं कळलं.

"कापूस होता," ती म्हणाली. "गव्हाएवढा."

अश्वजितनं हातातला फोन मांडीवर उपडा ठेवला.

"तुले देवीलालनं सांगतलं होतं, अश्वजित."

"आई, आयक..."

"दोन महिने मी या भिंतीशी बसलो. बोटाले फोड आला. तू येता-जाता पाहत होता. अन् तूनं मले स्टूल आणून दिलं."

"तुया चांगल्यासाठीच केलं," अश्वजित उभा राहिला. "किती वर्षं उन्हात हिंडशीन? मी बी.ए. झालो, पाच वर्षं झाली, कोनी विचारत नाई. शेतकऱ्यायशी बोलाले माणूस लागते. मी का परका हावो? घरातच राह्यलं असतं ना काम."

"माया बाया बसून राह्यल्या घरी. त्याही घरातच राह्यल्या."

"पोडावरच्या सोप्या पडतात. तुया बाया प्रत्येक गोष्टीले तोंड चालवतात."

"मीनंच शिकवलं त्यायले."

आता उकंडा खाटेवरून उठून बसला. आज त्याला विनोद सुचत नव्हता. "अवं, रविवारी दारव्ह्याचे पाहुणे येऊन राह्यले पोरीची सोयरीक घेऊन. पोरीचा बाप पहिलंच इचारते, मुलगा काय करते. काय सांगायचं? बसून राह्यते? मीनं सांगून टाकलं, लेबर कॉन्ट्रॅक्टर हाय. पाच गावात नाव हाय. तेवढ्यावर त्यायनं होकार दिला पाह्याचा. लग्न होईपर्यंतची त गोष्ट होती. मंग तुले सांगणारच होतो."

"तुमाले मालूम होतं म्हणजे."

"मालूम म्हणजे..."

"पिन हालली का तुमी विनोद करत होते." ती नवऱ्याकडे फार वेळ पाहत राहिली नाही. "अन् तुले, दीपमाला?"

दीपमालाच्या हातातलं सूप थांबलं. एकोणीस वर्षांची पोरगी. नावांपुढे चित्रं लावून देणारी हीच. तिनं मान खाली घातली. "दादा म्हणे, लग्न जमेपर्यंत गप्प राहा. त्यानंच फोन वळवाचा नंबर मले इचारला. मले वाटलं, तुलेही आराम होईन."

"आराम," पंचफुला म्हणाली. तिनं तो शब्द असा उच्चारला की जणू कापसातला किडका दाणा दोन बोटांत धरून दाखवत होती.

तिला वाटलं होतं आपण ओरडू. जीपमध्ये बसल्या बसल्या तिनं किती बोलणी जुळवून ठेवली होती. बळीरामच्या अंगठ्यापासून स्टुलापर्यंत. बळीराम निदान परका होता, आणि त्याचा अंगठा सगळ्यांना दिसत तरी होता. पण आता तिघांची तोंडं पाहून ते सगळं बोलणं तिला फुकट वाटलं. ज्यांनी ठरवून टाकलंय की ही बाई दमली, त्यांना ती दमली नाही हे ओरडून कसं सांगणार? ओरडली तर म्हणतील, पाहा, होत नाही हिच्यानं.

तिनं हात-पाय धुतले. चुलीपाशी बसून सकाळची भाकरी खाल्ली, तिखट-मिठाशी, पूर्ण. तोवर कोणी जागचं हललं नाही. अश्वजित दारात उभा, एक पाय आत आणि एक बाहेर. उकंडा खर्र्याची पुडी उघडून पुन्हा गुंडाळत होता.

मग ती उठली आणि पदराला हात पुसत बोलली. आवाज चढवला नाही. रोज संध्याकाळी बायांना सांगायची, तसंच सांगितलं.

"उद्या सातले नागोरावचं वावर. टोळी मी नेतो. अश्वजित, तुले काम पाह्यजे असन त ये. दोन तास धरून वेचजो, काटा मी धरीन. रविवारी पाहुणे आले का त्यायच्याशी मी बोलीन. पोरगा शिकलेला हाय, निर्व्यसनी हाय, अन् सध्या काई करत नाई. मुकादमी त्याच्या मायची हाय, असं सांगीन. त्याच्यावर त्यायले पोरगी द्यायची त देतीन, नाई त नाई."